निकोबार सरकू नये म्हणून

निकोबार पुन्हा कन्याकुमारीला येऊन चिकटलं होतं.

मी सुलतानपूरजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, हातात रिमोट घेऊन उभा होतो. वर ड्रोन. खाली फक्कीने आखलेला भारताचा भला मोठा नकाशा, आणि त्या पांढऱ्या रेघांच्या आत डोक्यावर रंगीत कागद धरून उभी असलेली अख्खी शाळा. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा. काश्मीर सुरेख जमलं होतं. गुजरातही जागेवर होतं. फक्त अंदमान-निकोबारची पोरं ड्रोन वर गेला की पायांनी हळूहळू फक्की पुसत देशाकडे यायला लागायची.

मी मेहकरचा फोटोग्राफर. कामं बहुतेक लग्नांची. ड्रोन घेतला तोही वराती वरून घ्यायला. त्या सव्वीस जानेवारीला लग्न नव्हतं, म्हणून शाळेचं काम घेतलं. तासाभरात उरकून घरी जाऊ असा माझा हिशोब होता.

या फोटोमागे एक भानगड होती. मागच्या वर्षी शाळेने असाच मानवी नकाशा केला होता आणि पाण्याच्या टाकीवर चढून मोबाइलवर फोटो काढला होता. बेटं आखलीच नव्हती. फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. गावातला संदीप नेव्हीत आहे, पोस्टिंग निकोबारला. त्याने ग्रुपवर विचारलं, "फोटो झकास आहे. पण मी बुडालो का?"

गाव हसलं. संदीपची आई कांताबाई हसल्या नाहीत. त्या भाजीपाला करतात. दुसऱ्या दिवशी मेथी विकून परत येताना त्या थेट शाळेत गेल्या आणि भूगोल शिकवणाऱ्या इंगळे मॅडमना म्हणाल्या, "बाई, माह्या पोराले देशातून काऊन काढलं?"

इंगळे मॅडमना ते फार लागलं. भूगोलाच्या शिक्षिकेला दुसरं काय लागणार. पुढच्या वर्षी संदीप नकाशात असेल, असा त्यांनी शब्द दिला. आता ते पुढचं वर्ष आलं होतं आणि संदीप दुपारी जहाजावर चढणार होता. मग बरेच दिवस नेटवर्क नाही. म्हणजे फोटो दुपारच्या आत गेला पाहिजे. कांताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, स्क्रीनवर पोराची जागा बघायला.

मुख्याध्यापक सरांना मात्र वेगळीच काळजी होती.

"भाऊ, ड्रोन एवढा वर काऊन नेऊन राह्यले? पोराईचे चेहरे दिसत नाहीत."

"सर, निकोबार लई लांब आहे. ते फ्रेममध्ये घ्यायचं तर वर जावंच लागतं." फ्रेम म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी चौकट.

"मंग सोडून द्या ना बेटं. कोणाले समजते?"

"मले समजते," इंगळे मॅडम म्हणाल्या. हातात ॲटलास होता. मापं घेऊन फक्की त्यांनी स्वतः मारली होती. निकोबारचं शेवटचं टोक कन्याकुमारीपेक्षाही खाली येतं, म्हणून ते पार कंपाउंडच्या भिंतीजवळ गेलं होतं.

आता पोरं का सरकतात ते मला पहिल्या झटक्यातच कळायला हवं होतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेची माणसं कायम आत सरकतात. आपण कापले जाऊ ही भीती. मधल्या मामाच्या खांद्यावर चार मुंडकी येतात ती त्यामुळेच. इथे तर ही पोरं देशापासून एवढी लांब उभी, भिंतीला टेकून, आणि ड्रोन बघावा तर महाराष्ट्रावर.

"काऊन सरकता बे?" सर ओरडले.

"सर, आमी फोटोत येत नाही अशानं," निकोबारवरून उत्तर आलं.

"येता."

"मंग ते मशीन तिकडंच काऊन हाये?"

प्रश्न बरोबर होता. मी ड्रोन खाली घेतला आणि बेटांवरच्या पोरांना बोलावून मघाचा फोटो स्क्रीनवर दाखवला. हे बघा, हे तुम्ही. त्यांना पटलं. माझ्या हुशारीवर मी खूश झालो. पोरं जागेवर गेली, ड्रोन वर गेला, आणि आता आपण दिसतो हे नक्की कळल्यामुळे सगळी उड्या मारून हात हलवायला लागली. स्क्रीनवर अंदमानला भूकंप झाल्यासारखं दिसत होतं. पहिली बॅटरी तिथेच संपली.

दुसरी बॅटरी चढवली. तिसरी माझ्याकडे नव्हती. ऊन वर आलं होतं, दक्षिणेतली पोरं डोक्यावरचा कागद चेहऱ्यावर धरायला लागली होती. इंगळे मॅडमचा घसा बसला होता. कांताबाई खुर्चीवरून उठल्या.

"बाई, तो नेमका कुठसा हाये ते मले दाखवा."

मॅडमनी भिंतीजवळचा शेवटचा पांढरा ठिपका दाखवला.

"मी बसतो तिथं."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तर स्क्रीनवर पाहणार होता ना?"

"पाहीन मंग. आधी तो दिसू तर द्या."

त्या गेल्या आणि ठिपक्यावर मांडी घालून बसल्या. मग गेटकडे बघून त्यांनी हाक मारली. तिथे मेहकरच्या बाजाराची गाडी यायची होती, म्हणून चार बाया मेथीच्या टोपल्या घेऊन गंमत बघत उभ्या होत्या. "शांते, इकडं या साऱ्या. मेथीबी आना."

बाया हसत आल्या. मॅडमनी एकेकीला ठिपका नेमून दिला. प्रत्येकीने मेथीच्या जुड्या मांडीवर आणि आजूबाजूला रचल्या. अंदमानपासून निकोबारपर्यंत हिरवीगार रांग लागली. बेटांवरची पोरं आनंदाने देशात पळाली आणि बहुतेक विदर्भात घुसली, त्यामुळे फोटोत महाराष्ट्र पूर्वेकडे जरा सुजलेला दिसतो. त्याला इलाज नव्हता.

आणि लक्षद्वीप? ते पश्चिमेला अंगणवाडीच्या पिल्लांना दिलं होतं. ती पहिल्यापासून फक्कीत बोटं घालून खेळत बसली होती. कुणी तसूभर हललं नव्हतं. माझी नजरच तिकडे गेली नाही.

मी ड्रोन वर नेला. वारा पडलेला. बाया खाली बसलेल्या, त्यामुळे बेटं ढिम्म. काश्मीरपासून निकोबारपर्यंत सगळा देश एका चौकटीत आला आणि मी बटण दाबलं. लग्नाचे हजारो फोटो काढलेत, पण त्या क्षणी माझाच ऊर भरून आला. लपवायचं कशाला.

"झालं," मी म्हटलं. त्याबरोबर पोरं बुंदीच्या रांगेकडे सुटली आणि देश रिकामा झाला. बाया मेथी घेऊन गाडीकडे गेल्या. फोटो मी मॅडमना दिला, मॅडमनी 'शेवटच्या ठिपक्यावर तुझी आई बसली आहे' असं लिहून संदीपला पाठवला.

कांताबाई बसूनच होत्या.

मी आणि मॅडम त्यांच्यापाशी गेलो. "मावशी, झालं. उठा आता."

"त्यानं पाह्यला काय?"

"अजून नाही. पाहील."

"मंग उठू कशी? तो म्हणन, माय सरकली."

आम्हीही मग तिथेच उभे राहिलो. मॅडम मोबाइलकडे बघत होत्या. सरांनी बुंदीचा द्रोण पाठवला, तो कांताबाईंनी शेजारी ठेवून दिला. बऱ्याच वेळाने मोबाइल वाजला. संदीपचा आवाज होता, व्हॉइस मेसेज. मागे वारा घोंगावत होता आणि तो हसत होता.

"माय, तू बसली तिथं नुसतं पानी हाये. मी जरासा वर हाये, जेटीपाशी. थोडी सरक ना."

"मोजून मारली आहे फक्की," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

कांताबाईंनी मोबाइल हातात घेऊन मेसेज पुन्हा ऐकला. मग जी बाई एवढा वेळ जागची हलली नव्हती, ती द्रोण उचलून वीतभर वर सरकली.

"आता इचारा त्याले," त्या म्हणाल्या.

विचारायचं तर फोटो हवा. बॅटरीत थोडा जीव होता. मी ड्रोन पुन्हा उडवला. खाली सगळा देश मोकळा, नुसत्या पांढऱ्या रेघा, आणि कोपऱ्यात निकोबारला एक बाई बुंदी खात बसलेली. तो फोटो संदीपला जहाज सुटायच्या आत मिळाला. उत्तर आलं, "हाव, इथंच."

शाळेच्या भिंतीवर पहिला फोटो आहे. माझ्या स्टुडिओत दुसरा. गिऱ्हाइकं विचारतात, हा रिकामा फोटो कशाला लावला? मी सांगत बसत नाही. पण तेव्हापासून लग्नात ग्रुप फोटो घेताना मी पहिल्यांदा कडेच्या माणसांना खाली बसवतो. मधले कुठे जात नाहीत.