झिजलेला नमुना

इंटरनेटवरच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर मी धीट होते, कारण तिथे तोंड उघडावं लागत नसे. आमच्या जुन्या मॉडेलच्या स्टिअरिंगचे बुश, म्हणजे दांडा घट्ट धरणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, कुठेच मिळेनात, म्हणून मी आणखी अकरा जण जमवले आणि उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडे बारा बुश करायला दिले. नमुना म्हणून बाबांच्या गाडीतलाच बुश काढून नेला.

"हुबेहूब असाच पायजे न्हवं?" मामांनी विचारलं. नमुन्याचं गोल भोक झिजून लांबट झालेलं मला दिसत होतं. पण भोवती चार-पाच पुरुष उभे होते. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

परतताना बसमध्ये ते लांबट भोक डोळ्यांपुढून हलेना. बारा गाड्यांची स्टिअरिंगं ढिली राहणार होती, आणि त्यातली एक रोज पन्हाळ्याचा घाट चढायची.

पुढच्याच स्टॉपवर उतरून धावत मागे गेले. "मामा, थांबा! तो नमुना झिजलाय!"

मामांनी लेथ बंद केलं. "दोन झालं की! मघाशी मूग गिळून का उभारलीस, पोरी?"

ते दोन्ही त्यांनी भंगारात टाकले. मी ते वेचून घरी आणले. चुकून कुणी गाडीत बसवले तर, ही धास्ती काही जाईना.