नव्या अँपवरची मांजर

गिटारची तार छेडली आणि आमची मांजर, मनी, स्वयंपाकघरातून धावत आली. थेट नव्या अँपवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावर, चढली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

गिटारचे पहिले अँप जुन्या रेडिओसारखे काचेच्या व्हॉल्व्हचे असत. माझाही तसाच होता. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे. मग खोकं इतकं उबदार व्हायचं की मनी त्यावरच झोपायची. फार जोर दिला की त्याचा आवाज फाटायचा. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष, पण वाजवणारे नेमके त्याच्याच प्रेमात पडले. पुढे ट्रान्झिस्टर आले, आता चिप आली. बटण दाबलं की ती तोच फाटका आवाज हुबेहूब काढते. मग ते जड धूड घरात कशाला, म्हणून गेल्या आठवड्यात मी ते विकून हा चिपचा अँप आणला.

"फसवलंस की रे तिला," बायको दारातून म्हणाली.

मी अँपला हात लावून पाहिला. फरशीसारखा गार; चिप काही व्हॉल्व्हसारखी तापत नाही. वाटलं, आता मनी उठून जाईल. पण ती हलली नाही. जुन्यालाही तापायला वेळ लागायचा, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती वाट बघत बसली आहे, आणि मला वाजवणं थांबवायचा धीर होत नाही.