आबांना ठाऊक नसलेलं मेडल

धुळ्याच्या आमच्या घरी ते पार्सल आलं तेव्हा हे आंघोळीला गेले होते, म्हणून पोस्टमनकडे सही मीच केली. जाड कापडात शिवलेलं पार्सल होतं, हातात घेताच आत काहीतरी किणकिणलं. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, डोळे तपासायला शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाहून आले होते आणि अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते.

"काय उनं?" त्यांनी विचारलं.

"ह्यांचं आहे, आबा. फौजेतून आलंय."

हे केस पुसत बाहेर आले. पार्सल पाहून त्यांना अंदाज आलाच असावा, कारण त्यांनी लगेच कात्री आणली आणि आबांच्या पायाशी बसून शिवण उसवली. आतल्या छोट्या खोक्यांमधून मेडलं निघाली. हे कर्नल म्हणून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती आणि सरकारने त्यांची मूळ मेडलं आत्ता पाठवली होती.

आबा गोंधळले. ह्यांच्या छातीवर त्यांनी इतकी वर्षं मेडलं पाहिलेली. गावात त्यांची वर्णनं करून झालेली.

"मंग इतला साल तू जे लावीसन फिरना, ते बठ्ठं खोटं व्हतं का?"

हे हसले. "खोटं नही, आबा. हुकूम खरा व्हता, मेडल बाजारनं व्हतं."

मग मी समजावून सांगितलं. फौजेत मेडल मंजूर झाल्याचा हुकूम आधी निघतो आणि छातीवर रिबन लागते. मूळ मेडल हातात यायला मात्र कित्येक वर्षं जातात. परेड तर थांबत नाही, तेव्हा अधिकारी छावणीतल्या दुकानातून तसंच मेडल विकत आणून लावतात. ह्यांची दोन-तीन तर मीच आणली होती. मूळ मेडलाच्या कडेवर तेवढं नाव कोरलेलं असतं.

"नाव? वाच बरं," आबा म्हणाले.

मी एकेक मेडल चष्म्याजवळ धरून कडेवरची बारीक अक्षरं वाचत गेले आणि आबा प्रत्येकाच्या कडेवरून बोट फिरवत गेले. अधेमधे विचारत, "हाई कसानं शे?" एक बर्फाच्या डोंगरावर राहिल्याबद्दल. एक परदेशात शांतिसेनेत गेल्याबद्दल. आणि एक नुसतं वीस वर्षं नोकरी केल्याबद्दल. त्यावर आबा म्हणाले, "नोकरी करानं बी मेडल भेटस?" आणि आम्ही तिघंही हसलो.

मला ही मेडलं आमच्या संसारावरून ओळखता येतात. बर्फाचं मेडल म्हणजे ज्या हिवाळ्यात आमची मुलगी फैजपूरला माझ्या माहेरी, केळीच्या बागेत चालायला शिकली तो हिवाळा. वीस वर्षांचं मेडल म्हणजे आमचं अकरावं बिऱ्हाड, जिथे स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. आणि सेना मेडल. ते या पार्सलात नव्हतं, कारण ते समारंभातच छातीवर लावतात. बर्फाच्या भेगेत पडलेल्या दोन जवानांना ह्यांनी स्वतः दोरावर उतरून वर काढलं होतं, त्याचं ते मेडल. त्या समारंभाला आबा नवी टोपी घालून आले होते आणि जनरलसाहेबांना त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार केला होता. तो फोटो गावच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे.

शेवटच्या खोक्यातलं मेडल मी जरा वेळ हातातच ठेवलं.

"हाई?" आबांनी विचारलं.

"पराक्रम पदक," मी म्हटलं.

"पराक्रम!" आबा खूश झाले. "मंग हाई तर बठ्ठासमा मोठं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याचं झाकण लावलं आणि चहा टाकायला आत गेले.

पराक्रम पदक कशासाठी मिळतं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शत्रूशी लढताना जखमी झालेल्याला मिळतं. काश्मीरमध्ये एका गावाला वेढा घातला असताना ह्यांच्या उजव्या मांडीत गोळी घुसली होती. तेव्हा हे कॅप्टन होते आणि मी मुलीला घेऊन माहेरी. पलटणीतून फोन आला, मी मुलीला आईच्या ओटीत दिलं आणि भुसावळहून मिळेल त्या गाडीने निघाले. उधमपूरच्या लष्करी दवाखान्यात पोचले तेव्हा हे शुद्धीवर होते. ह्यांचं पहिलं वाक्य होतं: "गावी सांगितलं नाहीस ना?"

त्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या हृदयाचं दुखणं नुकतंच निघालं होतं. डॉक्टरांनी कसलाही धक्का द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. आम्ही दोघांनी ठरवलं आणि गावी कळवलं की बर्फात घसरून पाय मोडलाय. काठी टेकत हे सुट्टीवर आले तेव्हा सासूबाईंनी रोज पायाला तेल चोळायचा हट्ट धरला. हे फक्त गुडघ्याखाली चोळू द्यायचे. पुढे सासूबाई आणखी बरीच वर्षं जगल्या, नातीच्या लग्नात मिरवल्या आणि शांतपणे गेल्या. त्यानंतर सांगायला हरकत नव्हती, पण इतक्या जुन्या गोष्टीला सुरुवात कुठून करायची, ते जमलं नाही.

सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेने ह्यांना झेंडावंदनाला बोलावलं. आबांचा निरोप आला, नवी मेडलं लावूनच या. ह्यांनी निळा ब्लेझर घातला. मी मेडलांची पट्टी लावून दिली, सरळ आहे ना ते दोनदा पाहिलं. इतकी वर्षं हे काम मीच केलंय, पण त्या सकाळी प्रत्येक मेडलाच्या कडेवर ह्यांचं नाव आहे या विचाराने बोटं जरा हळू चालत होती.

शाळेच्या मैदानावर अख्खं गाव जमलं होतं. कापसाची वेचणी सोडून बाया आल्या होत्या. आबा पहिल्या रांगेत, त्यांच्या बरोबरीच्या म्हाताऱ्यांमध्ये बसले होते. झेंडा चढला, मुलांची कवायत झाली. मग मुख्याध्यापकांनी मेडलांची नावं एकेक करून वाचली आणि पराक्रम पदकापाशी थांबले.

"साहेब, आपण कोणता पराक्रम केला होता, तो विद्यार्थ्यांना सांगावा, ही विनंती."

हे माइकपाशी गेले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

"नाव मोठं आहे," हे म्हणाले, "पण हे मेडल पराक्रमासाठी मिळत नाही. लढताना जखम झाली की मिळतं. मला गोळी लागली होती. माझ्या जवानांनी मला उचलून आणलं. पराक्रम असलाच तर तो त्यांचा."

मी आबांकडे पाहत होते. ते सावकाश उठले. कुणीतरी हात द्यायला गेलं, तो त्यांनी बाजूला केला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढून थेट ह्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"कोठे?"

ह्यांनी उजव्या मांडीवर बोट ठेवलं. आबांनी पँटवरूनच तिथे तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले.

"आते दुखस का?"

"थंडीमा. थोडं."

आबांनी मान डोलावली. मग ते गावाकडे वळले. या माणसाने आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं, ग्रामसभेतसुद्धा ते मागे बसत.

"ऐका रे," ते म्हणाले. "मना आंडोरले गोळी लागेल शे." मुलाला आमच्याकडे आंडोर म्हणतात, पण आबांच्या तोंडून तो शब्द मी इतका मोठ्याने कधीच ऐकला नव्हता. "गोळी लागनी, तरी तो घर उना नही. फौजमाच राह्यना."

एवढंच बोलून ते खाली उतरले. टाळ्या आधी म्हाताऱ्यांच्या रांगेतून सुरू झाल्या. जनरलांपुढे न हललेले हे नाकावरून रुमाल फिरवत होते, आणि मला त्या क्षणी ह्यांच्याइतकाच आबांचा अभिमान वाटला.

मला खरी भीती घरी गेल्यावरची होती. जेवणं झाली तशी आबांनी मला हाक मारली.

"पोरी, तू जायेल व्हती का दवाखानामा?"

"हो, आबा."

"एकटी?"

"एकटीच. पोरीला आईपाशी ठेवलं होतं."

त्यांनी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं. "तिनं कायीज झेलतं नही," ते म्हणाले, तिच्या काळजाला ते सोसलं नसतं असं. "बरं करं तुम्ही." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पाया पडले होते तेव्हा ठेवला होता, तसा.

त्या दिवसापासून आबांनी ह्यांना स्वस्थ बसू दिलेलं नाही. सेना मेडलाची गोष्ट मागे पडली. आम्ही गावी गेलो की कुणी ना कुणी भेटायला येतंच, कुणी शेजारच्या गावचं, कुणी धरणगावचे जुने पाहुणे. चहा होतो, कापसाच्या भावाचं बोलणं होतं, आणि मग आबा ह्यांच्याकडे वळून सांगतात, "भाऊ, पाय दखाड."

हे आधी आढेवेढे घेतात. ज्यांच्या एका शब्दावर अख्खी पलटण सावधान व्हायची, ते कर्नलसाहेब मग खाटेवर बसून पायजमा मांडीपर्यंत वर सरकवतात. म्हातारी माणसं वाकून, चष्मे पुसून तो जुना वण बघतात, कुणी बोट लावून बघतं. आबा बाजूला ताठ बसलेले असतात आणि पाहुण्याने नीट पाहिलंय याची खात्री झाल्याशिवाय पायजमा खाली करू देत नाहीत.