तुरीचे दोन दाणे

"सुजाता गेली, माय," आबा फोनवर म्हणाले, आणि मी विचारून बसले, "कुठी गेली?" कारण ती नेहमी कुठंतरी जातच असायची... देऊळघाटहून बुलडाण्याला कॉलेजात, तिथून पुण्याला. "गेली, माय," आबा पुन्हा तेवढंच म्हणाले, तेव्हा कळलं. दुखणं वर्षभराचं होतं, पण लेक या खेपेलाही बरी होऊन घरी येईल, असंच ते धरून चालले होते. मीही.

आम्ही दोघी मैत्रिणी, आपापल्या घरात कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्या. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बी.एस्सी. करून मी जळगाव जामोदला शाळेत विज्ञान शिकवू लागले, सुजाता संशोधनात गेली. तिच्या प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेल्या पेटीत हिऱ्याचा एक कण अधांतरी ठेवायचे, डोळ्यांना न दिसणारा. आबांनी मोताळ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकता विकता सांगून टाकलं, "पोरगी हिऱ्याच्या कामात हाय." झालं. दिवाळीला ती घरी आली, तर ओट्यावर माणसं बसलेली... पोराला कारखान्यात लावून दे म्हणून. शेजारच्या मावशी कानातले खडे घेऊन आल्या. "खरे हायेत का वं?" सुजाताने ते उजेडात धरले आणि गंभीरपणे म्हणाली, "मावशी, माह्या हिऱ्यापेक्षा तं लय मोठे हायेत."

त्या संध्याकाळी मात्र ती मला म्हणाली, "जगाले नाही कळलं तं चालते वं. आबाले माहं काम कळलं पाहिजे." हा हट्ट तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

आमची शेवटची भेट त्यांच्या स्वयंपाकघरातली. अंगात ताकद नव्हती, तरी तिने फळीवरच्या बशीत तुरीचे दोन दाणे मांडले, एकमेकांपासून बोटभर लांब.

"आबा, मी फोनवर 'येऊन राह्यली' म्हनतो, तवा कुठी असतो?"

"घरीच असतं तू. चप्पलबी घातली नसते."

"अन् तुमच्यासाठी?"

"माह्यासाठी रस्त्यात."

आमच्याकडे 'येऊन राह्यली' म्हणजे 'येतेय'; त्याला पुण्यात हसायचे. तिने ते बदललं नाही. "हा दाना म्हन्जे माह्या हिऱ्याचा कन, तो तसाच," ती म्हणाली. "इथीबी अन् तिथीबी. फरक एवढाच, मी लबाडी करतो. तो खरंच दोन्हीकडे असते." दुसरा दाणाही तसाच. मध्ये हवा नाही, स्पर्श नाही, फक्त वजनाला वजनाची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण. तेवढ्या ओढीनेच दोघं असे गुंतले, की एकाचं काय ते दुसऱ्यावाचून सांगताच येऊ नये, तर ती ओढसुद्धा दाण्यांसारखीच दोन्हीकडे असू शकते, असं म्हणायचं.

"म्हन्जे सोयरिकीतला मध्यस्थ," आबा म्हणाले.

"हाव. जो सोता गुंतत नाही, त्याले दुसऱ्याले असं गुंतवता येत नाही."

"मंग गुंतले का?"

"अजून कोनी पाह्यलं नाही, आबा. लय नाजूक काम हाय. हवेचा एक कन लागला तरी सारं मोडते. काहीच लागू द्याचं नाही."

आबांनी वाकून दोन्ही दाणे न्याहाळले. "मले नाही समजलं, पोरी." ती हसली, पण चेहरा उतरलेला मी पाहिला.

परवा देऊळघाटला गेले. आबांनी चहा ठेवला. फळीवर धूळ दिसली म्हणून मी फडकं घेतलं. बशी तिथंच होती, दाणे तसेच बोटभर अंतरावर, आणि त्यांच्यावर लोणच्याची रिकामी काचेची बरणी पालथी घातलेली. ती उचलायला हात पुढे केला, तर आबा चुलीजवळून म्हणाले, "राहू दे, माय. हवा लागते त्याइले."

मी हात मागे घेतला. फडकं बरणीच्या कडेकडेनेच फिरवलं. आबांनी माझ्या हातात कप दिला आणि फळीकडे बघत हळूच म्हणाले...

"गुंतून राह्यले ते."