स्टॅनीभाऊंची काटकसर आणि लुसीबायची खोली

आमच्या उमेळ्यात एखादा माणूस कंजूष निघाला तर लोक पाठीमागे त्याला नावं ठेवतात. तोच माणूस रिटायर होऊन माईक हातात धरायला लागला की शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार करतात. स्टॅनीभाऊंचं असंच झालं. सातिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते घरी बसले आणि ‘कमी खर्चात सुखी घर, सुखी प्रवास’ या विषयावर भाषणं देत सुटले. ज्येष्ठांचा मेळावा असो, महिला मंडळ असो, कुणी बोलावलं तर हे बारशातसुद्धा बोलतील.

मी एकदा मुद्दाम ऐकायला गेले. भाऊ सांगत होते: साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घाला. मिक्सरची वीज कशाला, पाट्यावर वाटलेल्या मसाल्याची चवच न्यारी. गॅस कशाला, वाडीत नारळाच्या झावळ्या फुकट पडल्यात, चूल पेटवा. पोराने, रेमंडने, कुवेतहून पैसे पाठवून घेतलेलं वॉशिंग मशीन यांनी प्लॅस्टिक न काढता ओटीवर ठेवलंय, त्यावर टीव्ही बसवलाय. तेही अभिमानाने सांगून झालं. टाळ्या पडत होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पंख्याखाली बसलेले पेन्शनर जास्त.

माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. मी उठले.

“स्टॅनीभाऊ, पाट्यावर वाटतं कोण?”

“आमची मिसेस.”

“चूल कोण फुंकतं?”

“मिसेसच. तिला सवय आहे.”

“कपडे?”

“ती हाताने स्वच्छ धुते. मशीनला जमणार नाही असे.”

“मग तुम्ही काय करता?”

भाऊ जराही हलले नाहीत. “मी प्लॅनिंग करतो,” म्हणाले.

लोक हसले, पण माझ्यावर. “ह्या मोर्चेवाल्या बाईला लग्नाच्या पंगतीतही अन्याय दिसतो,” असं कुणीतरी म्हणालं. लुसीबाय तेव्हा मागच्या बाजूला थर्मासातून चहा ओतत होती. हॉटेलचा चहा महाग म्हणून तोही तिनेच पहाटे उठून केलेला. वीज वाचली ती लुसीच्या मनगटांनी आणि गॅस वाचला तो लुसीच्या डोळ्यांनी. सत्कार मात्र प्लॅनिंगचा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसले. म्हटलं, हिचं तोंड उघडवायचंच. ती चादर आपटत बोलली, पण चुलीबद्दल नाही, पाट्याबद्दल नाही.

“बाय, डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्सं होतील. गोव्याला चाललोय फेस्ताला, चर्चचा सगळा ग्रूप. मला तितं एक खोली पायजे. दोगांची.”

“मग घ्या की!”

“कदी घेतली नाय. वेलंकनी झाली, गोवा तीनदा झाला. हे कुटं पन आदी हॉल बघतात.”

फुकटचा हॉल ही यांची प्रवासातली मोठी युक्ती. इथल्या फादरांनी तिथल्या फादरांना एक फोन केला की शाळेचे दोन हॉल मोकळे होतात. बायका एका हॉलात, पुरुष दुसऱ्यात. भाऊ भाषणात हे असं सांगतात की जणू हॉल यांनीच बांधले.

“रात झाली की हे पुरुषांत, मी बायकांत,” लुसी म्हणाली. “घरी सासू होती, मग पोरं, मग नातवंडं. मला वाटायचं, परवासात तरी.”

“त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हनाले, झोपल्यावर खोली काय नि हॉल काय, डोळे मिटलेलेच.”

मी तिथल्या तिथे ठरवलं, मीही जाणार. मी हिंदू, मला फेस्ताशी, म्हणजे चर्चच्या जत्रेशी, काय घेणं! पण लुसी म्हणाली, “तू असलीस की मला बोलायला येतं,” त्यामुळे गेले.

गाडीत भाऊंचं भाषण चालूच होतं. स्टेशनावरचं काही घ्यायचं नाही, घरचं खायचं. घरचं म्हणजे लुसीने तळलेले डबाभर मैद्याचे फुगे, उकडलेली अंडी आणि सुकटीची चटणी. तिचे डोळे झोपेने मिटत होते आणि हे डबा फिरवून शाबासकी घेत होते.

दुपारी गोव्यातल्या शाळेत पोचलो. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे अशी वाटणी झाली. सगळ्यांनी बॅगा उचलल्या, लुसीने उचलली नाही. रस्त्यापलीकडे एक साधं लॉज होतं, तिकडे बोट दाखवून म्हणाली, “आपन तितं ऱ्हाऊ.”

“खोली?” भाऊ असे दचकले की जणू तिने हत्ती मागितला. “अगं, दिवसभर चर्चमध्ये असणार आपण. खोली काय बघायला घ्यायची?”

“ॲडजस्ट कर ना लुसी,” ग्रूपची पुढारीण कॅथरिन म्हणाली, “आपण बायका मस्त गप्पा मारू.”

ॲडजस्ट! हा शब्द कुणी कधी पुरुषाला म्हटलेला मी तरी ऐकला नाही.

लुसीने वाद घातला नाही. मोगऱ्याच्या कळ्या विकून साठवलेले पैसे तिच्या पिशवीत होते. रस्ता ओलांडून गेली आणि किल्ली घेऊन परत आली. “चला,” नवऱ्याला म्हणाली.

भाऊंनी किल्लीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, “तू जा. माझी इथली जागा फुकटची आहे, वाया कशाला घालवू?”

माझा हात शिवशिवला. मोर्च्यात पोलिसांशी बोलताना मी संयम ठेवते, पण हा माणूस म्हणजे कमाल. मी लुसीला म्हटलं, “मी येते सोबतीला.”

“नको बाय. ती दोगांची आहे,” म्हणाली आणि एकटीच गेली.

सकाळी मी तिला चर्चच्या प्रार्थनेला, मिस्साला, न्यायला लॉजवर गेले, तर जिन्यात भाऊ! खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. दार ठोकत होते.

“लुसी, उघड. आंघोळ करतो.”

“हॉलात पानी नाय?” आतून आवाज आला.

“लाईन आहे. थंड पण आहे. इथं गिझर आहे ना, पैसे भरलेत आपण.”

“आपन नाय. मी.”

“बरं, तू.”

“आंगोळीला आलाय का माझ्याकडं आलाय?”

गावभर भाषणं देणाऱ्या माणसाने साबणाची डबी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाला, “दोन्ही.”

“खोटं.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी कशाला वाचवतेय!

“आंघोळीला,” ते पुटपुटले. “पण रात्री मलाही झोप लागली नाही. ते बाकीचे घोरत होते म्हणून नाही.”

दार उघडलं. मी असते तर उघडलं नसतं, दुपारपर्यंत जिन्यात उभा ठेवला असता. एवढ्यावर विरघळायचं? पण खोली तिची होती, नवराही तिचाच.

“टॉवेल ठेवा तितं. आदी बसा,” लुसी म्हणाली. खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. भाऊ साबणाची डबी मांडीवर घेऊन बसले.

“मिस्सा चुकेल,” म्हणाले.

“नंतर दुसरी आहे. बाय, तू जा फुडं.”

जिच्यासाठी मी एवढी तणतणले, तिनेच मला सरळ बाहेर काढलं. रागच आला. खाली आले तर कॅथरिन वही घेऊन माणसं मोजत उभी.

“स्टॅनी कुठंय?”

“बायकोकडे.”

“म्हणजे आज रात्री तिकडेच?”

“तसंच दिसतंय.”

“अगं, मग हॉलमधली त्याची जागा कुणाला देऊ?” कॅथरिन म्हणाली. “फुकटची आहे!”