फोन एंगेज होता

तेव्हा घरच्या फोनवरूनच इंटरनेट लावायचं. त्याचं सॉफ्टवेअर आणायला मी चिखलीच्या एका दुकानात गेलो होतो. तिथे डोणगावचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. चादरीत गुंडाळून आणलेला सीपीयू त्यांनी मांडीवरून खाली ठेवलाच नव्हता. दुपट्ट्यानं सारखे पुसत होते.

“यातलं इंटरनेट काढून टाका,” ते दुकानदाराला म्हणाले.

“काऊन? चालत नाही का?”

“चालते. पोरीनं नातवाचा फोटो धाडला होता. तो हळूहळू उतरून राह्यला होता, तंवर फोन एंगेज. तिकडे दवाखान्यात माय मले बोलावत होती. भाऊ फोन लावू लावू थकला. मी पोचलो तं माय गेली होती.”

दुकानदार हळूच म्हणाला, “काका, काढायचं काय काम? फक्त लावू नका.”

“लावावं वाटते ना, म्हणून तं काढा.”

दुकानदारानं सीपीयू उचलून आत नेला. काकांचे हात मांडीवर मोकळेच राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “फोटो पूर्ण आला होता का?”

“आला ना,” ते म्हणाले. “पोरगं थेट मायसारखं हासते. तिले दाखवायचं राहून गेलं.”