या, आत या

आजही आठवलं की शिसारी येते. त्यांच्या बुटांची, त्यांच्या हसण्याची. आणि त्या पाण्याच्या तांब्याचीसुद्धा, जो आईने त्यांना आपल्या हाताने दिला होता.

खर्डीहून रिक्षाने आलं की गावातलं पहिलं घर आमचं. दारात कुणाला उभं ठेवायचं नाही, हा आईचा नेम. आधी "या, आत या", मग पाणी, नाव-गाव त्यानंतर. मतं मागणारा असो की भांडी विकणारा. आम्ही चिडवायचो, "चोर आला तरी म्हणशील, बस रे, पानी पी!" ती म्हणायची, "मग? चोराला तहान लागत नाय का?"

तर एका दुपारी पोलीस आले. गावात कुणाच्या तरी पंपाची केबल चोरीला गेली होती आणि कुणीतरी माझ्या धाकट्या भावाचं नाव घेतलं होतं. आई घरात एकटी. तिने नेहमीसारखंच म्हटलं, "या, आत या, उन्हात का उभे?" मेले घटाघटा पाणी प्यायले आणि उठून घर उपसायला लागले. बुटांसकट देवापुढे गेले. शेणाने लिंपून बंद केलेली बियाण्याची कणगी काठीने फोडली. आईच्या पेटीतली लुगडी, परकर एकेक करून झटकले. वायरचा तुकडासुद्धा मिळाला नाही. मी कामावरून आलो तेव्हा ती सांडलेलं भाताचं बियाणं सुपात भरत बसली होती.

शहापुरात ओळखीच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण वॉरंट आणेपर्यंत माल हातचा जाईल असं असेल तरच. तेही आधी कारण लिहून, गावातले दोन पंच सोबत घेऊन. आता तर व्हिडिओही काढावा लागतो.

इथे ना कारण, ना पंच, ना व्हिडिओ. तेच मी चौकीत जाऊन विचारलं. साहेब काडीने दात कोरत होता. "कसलं वॉरंट? तुझ्या आईनंच बोलावलं की आत. पाणी पण पाजलं." बाकीचे खी खी करून हसले. थू तुमच्या जिनगानीवर! जिच्या हातचं पाणी प्यायले, तिच्याच तोंडचा शब्द तिच्यावर उलटवला.

घरी आईने खोदून खोदून विचारलं, म्हणून सांगावं लागलं.

पुढे काही दिवसांनी मामा आला, वैशाखऱ्याहून, आंब्यांची पिशवी घेऊन. भरदुपारी आमचं दार लावलेलं. त्याने हाक मारली. आईने दार अर्धं उघडलं आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

"काय काम हाय?"

मामाला वाटलं, थट्टा करते. "आगो, मी हाय ना!"

"दिसतंय. एकलाच हायेस ना?" ती त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती.

मामा ओटीवरच टेकला. जरा वेळाने त्याला पाणी मागावं लागलं. आमच्या घरात.